तारेत ओवलेली पत्रं

गेल्या मे महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवायची होती म्हणून आम्ही सगळे गेलो होतो, सगळे म्हणजे मी, नवरा, आई-बाबा आणि एक काका जो फक्त सूचना द्यायला आला होता. माळ्यावरचं सामान खाली काढताना एका फुटक्या हंड्यात पत्रांची तार सापडली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, खाली लाकडाची एक छोटी चकती, तिच्यातून वर गेलेली जाड तार, वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं आणि टोकदार. आलेलं पत्र वाचून झालं की त्या टोकात खुपसायचं आणि खाली सरकवायचं. पूर्वी घरोघरी ही तार खिडकीच्या गजाला नाहीतर खुंटीला लटकलेली असायची. आमचं फाइलिंग म्हणजे एवढंच. सगळ्यात जुनं पत्र तळाला, ताजं सगळ्यात वर.

आमच्या तारेत एकशे त्रेचाळीस पोस्टकार्डं निघाली, शिवाय मनीऑर्डरची कुपनं वेगळी. खालच्या कार्डांना कसर लागलेली, काही पावसाळ्यात एकमेकांना चिकटून ठोकळा झालेली, आणि प्रत्येक कार्डाच्या मधोमध एक भोक, भोकाभोवती गंजाचा तपकिरी गोल. म्हणजे एकशे त्रेचाळीस पत्रं आणि प्रत्येकातला एखादा तरी शब्द तारेने खाल्लेला.

हल्ली जुन्या पत्रांचं एक फॅडच आहे. पुण्यात जुन्या बाजारात कोणाकोणाची वापरलेली कार्डं विकायला असतात, लोक घेतात, फ्रेम करतात, फोटो टाकतात. 'ते दिवसच वेगळे होते' वाले फॉरवर्ड तर रोज सकाळी येतात आणि मी ते न वाचता पुढचं बघते. पण ही तार हातात आली तेव्हा माझाही जीव वरखाली झाला हे खोटं कशाला बोलू. कारण ही पत्रं आजोबांची होती आणि मला त्यांच्यात एक वाक्य शोधायचं होतं.

आजोबा मुंबईत कापडगिरणीत, साचेखात्यात, म्हणजे माग चालायचे त्या खात्यात. राहायला लालबागला, गावमंडळाच्या खोलीत. एका खोलीत तीस-पस्तीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची, एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची, जेवण खानावळीत. आजी गावाला, कणकवलीच्या पुढे, शेती, दोन म्हशी आणि सासूसकट. वर्षातून दोनदा भेट, मे महिन्यात आणि गणपतीत, आणि कधीकधी तर एकदाच. बाकीचं सगळं लग्न पोस्टकार्डावर. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची गोष्ट हीच आहे त्यामुळे यात नवीन काही नाही.

आजीला वाचता येत नव्हतं. पण तिला आजोबांच्या पत्रातलं एक वाक्य पाठ होतं आणि ते ती आम्हाला कायम सांगायची. पहिला पाऊस आला की पडवीत बसून हमखास. "गिरणीच्या आवाजात पण माका आपल्या कौलांवरचो पाऊस आयकाक येता, असा लिवल्यानी हुते." आणि मग हसायची, थोडंसं, पदराआड, जणू मी तिची नात नाही तर मैत्रीण आहे. मी लहानपणापासून ते ऐकत आले. माझ्या मनातले आजोबा म्हणजे हे वाक्य. प्रत्यक्षातले आजोबा, १९९४ साली गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, दिवसाला दहा शब्द बोलायचे आणि त्यातले सहा गुरांशी. पण मी म्हणायचे, आत काहीतरी होतं ना माणसाच्या. गिरणीत कधी कोणी साचेखात्यात उभं राहिलं असेल तर विचारा, तिथे शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही, खुणेनं बोलतात. त्यात ह्या माणसाला कौलांवरचा पाऊस ऐकू येतो!

तर खळ्यात चटई टाकून मी तार सोडवली, एकेक कार्ड वर काढलं आणि वाचायला बसले. दोन दिवस वाचत होते. कौलांचं काम करणारे गडी वरून विचारायचे, ताई काय अभ्यास?

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की पत्रं आजीला नाहीतच. सगळी पणजीला. वर मधोमध श्री, मग 'ती. मातुःश्री यांचे सेवेसी, बालकाचे शिर साष्टांग नमस्कार वि. वि.' आणि मग 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळविणे.' मग भात किती झालं, बांध घातला का, म्हैस व्याली का, वीस रुपये मनीऑर्डरने पाठविले आहेत ते पोचल्याचे कळविणे, अमक्याच्या मुलाबरोबर छत्री आणि चादर पाठवत आहे. आणि तळाला, जागा उरली तर, 'घरात सर्वांस आशीर्वाद सांगणे.' त्या सर्वांत आजी. कधीतरी 'मंडळींची प्रकृती कशी आहे' असं. मंडळी म्हणजे बायको, अनेकवचनात आणि नाव न घेता. आई घरात असताना बायकोच्या नावाने कार्ड टाकायचं म्हणजे तेव्हा निर्लज्जपणाच झाला असता.

आणि कार्ड काय, उघडं. आमच्याकडे पोस्ट म्हणजे मास्तरांच्या ओटीवरचं एक टेबल आणि कुलपाची पेटी, तेच शाळेचे मास्तर, तेच ब्रँचचे पोस्टमास्तर. पत्र घरी पोचायच्या आधी वाटेतल्या चार घरांना मजकूर माहीत झालेला असायचा. पोस्टमन लांबूनच ओरडायचा, "मुंबैक सगळा बरा आसा!" आणि मग कार्ड द्यायचा. यात कोणाला काही वाटायचं नाही. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ साली, पाव आण्याला, आणि तेव्हापासून लोकांना हे पक्कं माहीत होतं की कार्डावर लिहायचं ते गावासमोर बोलल्यासारखंच लिहायचं. गुपित असेल तर पाकीट. आणि पाकीट आलं तर अख्ख्या वाडीला प्रश्न, की पाकीट कशाला?

अजून एक मला दुसऱ्या दिवशी जाणवलं. ह्या पत्रांमध्ये कोणी मेलेलंच नाही. सोळा-सतरा वर्षांची पत्रं, एवढा मोठा गोतावळा, मुंबईत चुलते, आत्याचे यजमान, कितीतरी माणसं त्या काळात गेली, बाबा नावं घेऊन सांगतात. पण मरणाचं कार्ड तारेत लावायचंच नाही. त्याच्यावर श्री नसायचा, कोपरा फाडलेला असायचा, ते घरात आणायचंही नाही, बाहेरच्या बाहेर वाचायचं, फाडायचं आणि मग आंघोळ. त्यामुळे तारेवर नुसतं क्षेम. पुढे कोणी ही पत्रं वाचून आमच्या घराचा इतिहास लिहायला बसला तर त्याला वाटेल काय सुखी कुटुंब होतं, म्हशी व्यायल्या, पोरं पास झाली, मरण म्हणून माहीत नाही.

पत्त्यांचंपण मजेशीर आहे. सुरुवातीच्या कार्डांवर आजोबा स्वतःचा पत्ता 'मुंबई नं. १२' असा लिहितात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्टातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपले मराठीच. मुंबई १२ चं झालं ४०० ०१२, म्हणजे जुना नंबर शेपटाला तसाच राहिला. पण आजोबा त्यानंतर पाच-सहा वर्षं मुंबई नं. १२ च लिहीत होते आणि कार्ड येत होतं. १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तरी त्यांचं 'जि. रत्नागिरी' काही सुटलं नाही. सगळ्यात वरचं, म्हणजे शेवटचं कार्ड फेब्रुवारी १९८२ चं, वाघाच्या तोंडाचं पंधरा पैशांचं. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला होता. त्यात लिहिलंय, 'संप लवकर मिटेल असे सर्वजण म्हणतात, काळजी करू नये.' मेमध्ये ते वळकटी आणि पेटी घेऊन घरी आले ते कायमचेच, त्यामुळे पत्रांची गरजच उरली नाही. संप अजूनही मिटलेला नाही, म्हणजे कागदावर तो कोणी मागे घेतलेलाच नाही. ते कार्ड मी बाजूला ठेवलं, त्याच्यावर जास्त बोलवत नाही.

पण वाक्य सापडेना. एकशे त्रेचाळीस कार्डं, चिकटलेली पण वाफेवर सोडवली, दोनदा बघितली. पाऊस होता, 'पाऊस वेळेवर सुरू झाला हे वाचून संतोष झाला' असा. कौलंही होती, 'कौले परतून घ्यावीत, पैसे पाठवितो.' पण गिरणीच्या आवाजात ऐकू येणारा पाऊस कुठेही नाही. आधी मला वाटलं तारेच्या भोकात गेलं असेल, पण भोकात एक शब्द जाईल फार तर, एवढं मोठं वाक्य कसं जाईल. मग वाटलं ते कार्डच हरवलं असेल.

संध्याकाळी बाबांना विचारलं. बाबा चहा पीत होते. म्हटलं बाबा, ते आजीचं कौलांचं वाक्य कुठल्या पत्रात आहे, मला सापडत नाहीये.

बाबा काहीच बोलले नाहीत. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नाहीच आहे ते."

मला आधी कळलंच नाही.

"ते मी वाचलं होतं. म्हणजे, नव्हतंच तिथे. मी वाचलं."

तर गोष्ट अशी. बाबांच्या आधी पत्र मास्तर वाचायचे, ओटीवर बसून, जसं लिहिलंय तसं, पूर्णविरामासकट. पणजी समोर, शेजारच्या दोन-तीन बायका, आणि आजी दाराआड. 'घरात सर्वांस आशीर्वाद' झालं की ती आत जायची. मग बाबा चौथीत गेले, वाचन बरं झालं, तर पणजी म्हणाली आता मास्तरांना कशाला त्रास. साल १९६८. खळ्यात बसून बाबा मोठ्याने वाचायचे सगळ्यांसमोर. आणि पहिल्याच वेळी, रात्री, पणजी झोपल्यावर आजीने चुलीपाशी बोलावलं आणि म्हणाली परत वाच. वाचलं. म्हशी, मनीऑर्डर, आशीर्वाद. मग तिने विचारलं, "आणि काय लिवल्यानी?"

"आता काय सांगू?" बाबा मला म्हणाले. "नऊ वर्षांचा मी. ती अशी बघत होती चिमणीच्या उजेडात. म्हटलं, लिहिलंय की तुझी आठवण येते."

मग दर पत्राला ते होऊन बसलं. खळ्यातलं वाचन खरं आणि चुलीपाशी खोटं. पण नऊ वर्षांच्या पोराकडे असा कितीसा मजकूर असणार? आठवण येते, जेवण बरं नाही, तुझ्या हातचं माशाचं तिखलं आठवतं, तीन-चार पत्रांत सगळं संपलं. आजी तर दर वेळी, आणि काय लिवल्यानी? मग बाबांनी माल आणायला सुरुवात केली रेडिओवरून.

एसटीच्या थांब्यापाशी एक चहाचं हॉटेल होतं, त्यात एका चाकरमान्याने आणलेला ट्रान्झिस्टर. बाबा चहापावडर नाहीतर रॉकेल आणायच्या निमित्ताने जायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे. विविध भारती लागायची, बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. हिंदी अर्धवटच कळायचं. पण तो काळ बघा, हिंदी सिनेमाला तेव्हा पत्रांचं वेडच लागलं होतं. 'संगम'मध्ये प्रेमपत्राचं गाणं, ते १९६४ चं, आणि १९६८ या एका वर्षात 'कन्यादान' आणि 'सरस्वतीचंद्र' दोन्हींत पत्रावरची गाणी, दोन्ही तुफान गाजली. बाबांना सिनेमे माहीत नव्हते, पोस्टरपण बघितलं नव्हतं, पण एवढं कळलं की मोठी माणसं पत्रात अशी बोलतात. ते ऐकायचं, घरी येईपर्यंत वाटेत मनातल्या मनात मराठी करायचं, आणि चुलीपाशी वाचायचं.

एकदा त्यातच फसले. सरस्वतीचंद्रचं ते गाणं पत्रातून फूल पाठवल्याचं आहे. बाबांनी सरळ वाचून टाकलं, 'सोबत फूल पाठविले आहे.'

आजी म्हणाली, "फूल खंय आसा?"

कार्डात कुठून येणार फूल! बाबांनी गडबडून सांगितलं, वाटेत पडलं असेल. तर ही बाई दुसऱ्या दिवशी पाणंदीत पोस्टमनला गाठून विचारती झाली. तो म्हणाला, "वैनी, कार्डात फूल खंयसून येतला?" हे बाबांना पोस्टमननेच नंतर सांगितलं, हसत हसत. आजी घरी येऊन काहीच बोलली नाही. पुढचं पत्र आलं तेव्हा पण रात्री बोलावलंच आणि विचारलंच, आणि काय लिवल्यानी?

इथे मी बाबांना थांबवलं. म्हटलं म्हणजे तिला माहीत होतं. बाबा म्हणाले काय माहीत. मी कधी विचारलं नाही.

मग कौलांचं वाक्य? ते कोणत्या गाण्यातलं? बाबांना आठवत नाही. म्हणाले, काहीतरी असं ऐकलं होतं, दूर असून आवाज ऐकू येण्याचं, त्यात मी गिरणी घातली आणि कौलं घातली, कारण दुसरं माझ्याकडे होतं काय. म्हणजे मुंबईत बसून कोणीतरी गीतकाराने लिहिलेलं, सिलोनच्या मनोऱ्यावरून उडालेलं, हॉटेलच्या बाकड्यावर उतरलेलं आणि चौथीतल्या पोराने मराठीत बसवलेलं प्रेम, ते आजीने चाळीस वर्षं नवऱ्याचं म्हणून सांभाळलं. जुन्या सिनेमात पत्र वाचताना कागदावर लिहिणाऱ्याचा चेहरा यायचा आणि त्याचाच आवाज, आठवतंय? दूरदर्शनवर शनिवारच्या मराठी सिनेमात मी ते इतक्या वेळा बघितलंय की कोणी पत्र उघडलं की आता चेहरा येणार हे ठरलेलं. आमच्या घरी कागद आजोबांचा, आवाज पोराचा, आणि चेहरा आजीने आपला आपण लावून घेतलेला.

खरं सांगू का, मला पहिली रात्र राग आला. कोणाचा ते कळत नव्हतं. आजोबांचा बहुतेक. एवढ्या कार्डांत एक ओळ लिहिता आली नाही? निम्म्या कार्डांना खाली दोन बोटं जागा कोरी आहे हो! नवरा म्हणाला, अगं तो माणूस पाळीभर गिरणीत उभा राहून, खानावळीत जेवून, दुसऱ्याच्या वळकटीवर बसून कार्ड लिहीत होता, ते पण पस्तीस लोकांसमोर. मी म्हटलं तू गप्प बस. पण मग मनीऑर्डरची कुपनं काढून बघितली. कुपनावर खाली निरोप लिहायला चार ओळींची जागा असायची. आणि एकही महिना चुकलेला नाहीये, वीस, पंचवीस, पुढे चाळीस, सत्तर. एका कुपनावर लिहिलंय, 'पैकी रु. ५ मंडळींस बांगड्यांकरिता.' ते कुपन मास्तरांनी वाचलं होतं का बाबांनी, आणि मोठ्याने का हळू, कोण सांगणार. बाबांना आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी निघायची तयारी. मी कार्डं तारीखवार लावून प्लॅस्टिकच्या डब्यात भरत होते, तेव्हा एक कार्ड हातात आलं जे मी दोनदा वाचून पुढे गेले होते कारण त्यात पाऊसही नव्हता आणि कौलंही. ऑक्टोबर १९६९, म्हणजे गणपतीला येऊन गेल्यानंतरचं. श्री, मातुःश्री, शिर साष्टांग, सुखरूप पोचलो, बोनसची बोलणी चालू आहेत, तांबड्या म्हशीला औषध द्यावे. आणि शेवटी, घरात सर्वांस आशीर्वादच्या आधी, एक ओळ:

'चि. बाळ पत्र ⬤ वाचतो असे समजले. तसेच वाचत जाणे.'

तो काळा ठिपका म्हणजे भोक.

मी बाबांना हाक मारली. ते पायऱ्यांवर बसून बॅगेची चेन लावत होते. कार्ड हातात दिलं आणि बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, कार्ड उजेडात धरलं, भोकातून आरपार खळं दिसत होतं.

"हे मीच वाचलं असणार ना?" ते म्हणाले. "हे पण मीच वाचलं असणार सगळ्यांसमोर."

"आठवतंय?"

"नाही."

मग बराच वेळ ते त्या भोकाच्या कडेला नखाने गंज खरवडत बसले, खाली एखादी वेलांटी, एखादा काना शिल्लक आहे का बघायला. दोन अक्षरांची जागा असेल, फार तर तीन. बाबा म्हणाले, 'नीट' असेल. मी म्हटलं, 'छान'ही असू शकतं. आई आतून आली, तिने कार्ड घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाली, "'जास्त' बसतंय बघा बरोबर."

बाबांनी तिच्या हातातून कार्ड घेतलं आणि खिशात ठेवलं. ते डब्यात अजून आलेलं नाही.